लॉकर शेवटी, बेअरिंग आधी

मारुती जिप्सीचं पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी जमिनीवरून हलकं झालं, की फोर-व्हीलचा दांडा ओढलेला असूनही गाडी जागच्या जागी उभी राहते. इंजिन ओरडत असतं, हलकी झालेली दोन चाकं गरगर फिरत असतात आणि ज्यांच्याखाली घट्ट मुरूम आहे ती दोन ढिम्म हलत नाहीत. मावळात, मुळशीत, वेल्ह्याच्या आतल्या वाड्यांकडे जाणाऱ्या वाटांवर पावसाळ्यात हे कुणालाही बघायला मिळेल. बैलगाडीच्या खोल चाकोऱ्या, मध्ये आडवा ओढा, त्यापलीकडे धोंड्यांचा चढ. अशा वेळी दोष टायरचा नसतो आणि चालवणाऱ्याचाही नसतो. इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारं डिफरेन्शियल त्याला नेमून दिलेलं काम करत असतं, एवढंच.

ते काम साधं आहे. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एका सरळ दांड्यावर पक्की बसवली तर एक घासत जाणार. पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने 1820च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली आणि तीच तोड आजही जवळजवळ प्रत्येक मोटारीत आहे. तिची अट एकच: दोन्ही बाजूंना टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, सारखा मिळणार. हवेतलं चाक फिरवायला जेमतेम जोर लागतो, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच जेमतेम जोर मिळतो. बाकीची ताकद इंजिनात असून काही उपयोग नाही.

लॉकर ही अट मोडतो. दोन्ही चाकं एकत्र बांधतो, म्हणजे ज्या चाकाला पकड आहे ते गाडी ओढून नेतं. काही लॉकर आपोआप लागतात. डिफरेन्शियलच्या मूळ केसमधले, म्हणजे फिरत्या खोक्यातले, स्टार गिअर काढून त्यांच्या जागी दातेरी तुकडे बसवायचे, की झालं. यांना लंचबॉक्स लॉकर म्हणतात. दुसऱ्या प्रकारात अख्खी केसच बदलते आणि लॉक लावणं-काढणं चालवणाऱ्याच्या हातात राहतं. कुठे हवेच्या दाबावर, कुठे विजेवर, कुठे केबलने. मेलबर्नची एआरबी ही 1975 साली सुरू झालेली कंपनी हवेवरच्या लॉकरसाठी जगभर ओळखली जाते. आपल्याकडे आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा तर पुढे आणि मागे, दोन्हीकडे लॉक घेऊनच कारखान्यातून बाहेर पडते. जिप्सीला मात्र तो बाहेरूनच आणून बसवावा लागतो.

आमची जिप्सी वडिलांनी घेतलेली. मावळातल्या शेताकडे जायला पावसाळ्यात दुसरं वाहनच नव्हतं. तिला लॉकर बसवायचा ठरवला तेव्हा पहिला प्रश्न आला की पुढे की मागे? बहुतेक जण मागे म्हणतात आणि त्यांचं चूक नाही. चढावर वजन मागे जातं, पकड मागे असते. पण माझी गाडी रोज पुण्याच्या रस्त्यावरही चालते. छोट्या व्हीलबेसच्या गाडीला मागे आपोआप लागणारा लॉकर बसवला आणि ओल्या घाटात वळणावर तो लागला किंवा सुटला, तर गाडी हलकासा धक्का देते. तो मला नको होता. पुढच्या ॲक्सलला फ्री-व्हीलिंग हब असतात, म्हणजे चाक शाफ्टला जोडणारे किंवा त्यापासून सुटं करणारे. हब मोकळे असले की पुढचा सगळा कारखाना झोपलेला असतो, रस्त्यावर त्याचा काही त्रास नाही. शिवाय उंच पायरीसारख्या धोंड्यावर पुढची दोन्ही चाकं एकत्र चढली की अर्धं काम तिथेच होतं. म्हणून पुढे. आणि पुढे म्हणजे हवेवरचाच, कारण लॉक झालेला पुढचा ॲक्सल स्टिअरिंगला सरळच ठेवू बघतो. वळायच्या क्षणी तो काढता आला पाहिजे.

इथपर्यंत सगळ्यांचं बोलणं होतं. कुठला लॉकर, कितीला पडला, कुठून मागवला. यानंतरचं जे आहे त्यावर फारसं कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते खरं काम तिथून सुरू होतं. लॉकर ही पोलादाची भक्कम वस्तू आहे, ती सहसा मोडत नाही. ती ज्यांच्यावर बसते ती बेअरिंगं, ती ज्यांच्या मापाने बसते ते शिम, म्हणजे पातळ चकत्या, तिच्याभोवतीचं तेल आत ठेवणारी सिलं, यांवर सगळा खेळ आहे. लॉकरचा विचार करायचा तर खालून वर करावा. आधी बेअरिंग, मग सील, मग वळणाऱ्या चाकाकडे जोर नेणारा जॉइंट, मग टायर. लॉकरचा नंबर सगळ्यात शेवटी.

पुढच्या ॲक्सलची एक गोष्ट मला कळली तेव्हा माझी यादीच बदलली. इंजिनाकडून येणारा जोर पिनियन या लहान गिअरमधून क्राऊन या मोठ्या गिअरकडे आणि तिथून चाकांकडे जातो. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या ॲक्सलचाच क्राऊन-पिनियन पुढे उलट्या दिशेने बसवलेला असतो. मागे गाडी पुढे जाताना पिनियनचे दात क्राऊनच्या ज्या बाजूवर रेटतात तिला ड्राइव्ह साइड म्हणतात. दातांचा आकार त्या बाजूला जोर घेण्यासाठीच घडवलेला असतो. तोच संच पुढे फिरवून बसवला की गाडी पुढे जातानाही जोर दातांच्या पाठीवर, म्हणजे कोस्ट साइडवर येतो. दात तिथे कमी ताकदवान असतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याचा बेअरिंगवर काय परिणाम होतो याकडे मात्र दुर्लक्ष होतं. ड्राइव्ह साइडवर जोर असतो तेव्हा क्राऊन पिनियनला स्वतःपासून दूर ढकलतो आणि तो रेटा पिनियनच्या डोक्यामागचं मोठं बेअरिंग घेतं. कोस्ट साइडवर जोर आला की क्राऊन पिनियनला आत, स्वतःकडे खेचतो. मग तो ताण पिनियनच्या नटातून शेपटाकडच्या लहान बेअरिंगवर येतो.

म्हणजे पुढच्या ॲक्सलमध्ये जे बेअरिंग आकाराने लहान, ज्याकडे दुकानात कुणी दोनदा बघत नाही, तेच चढावर सगळ्यात जास्त राबतं. त्यात आपण लॉकर लावून ॲक्सलकडून पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त काम मागणार. म्हणून माझ्या यादीत पहिलं नाव पिनियनच्या शेपटाकडच्या, म्हणजे बाहेरच्या बेअरिंगचं.

ही सगळी टेपर रोलर बेअरिंगं असतात. हेन्री टिमकेन हा अमेरिकेत सेंट लुइसला घोडागाड्या बांधणारा माणूस. वळणावर घोडागाडीच्या चाकाला वरून वजन आणि बाजूने रेटा असं दोन्ही सोसावं लागतं, म्हणून त्याने 1898 साली उतरत्या आकाराच्या रोलरचं बेअरिंग पेटंट केलं. क्राऊन-पिनियनची गरज नेमकी तीच आहे. तिरके दात एकमेकांना फिरवताना बाजूलाही ढकलतात. साधं बॉल बेअरिंग तो रेटा फार काळ सोसणार नाही. टेपर बेअरिंगचे भाग दोन. रोलर आणि जाळी असलेला कोन शाफ्टवर बसतो, बाहेरचा कप हाउसिंगमध्ये, म्हणजे ॲक्सलच्या स्थिर कवचात. दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच डब्यातले घ्यावेत. एका बनावटीचा कोन दुसरीच्या कपात बसतो, फिरतोही, पण जिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं माप सांभाळायचं आहे तिथे ही सरमिसळ मला पटत नाही.

बेअरिंगवरचा नंबर वाचता आला पाहिजे. मेट्रिक टेपर बेअरिंगमध्ये शेवटच्या दोन आकड्यांना 5ने गुणलं की आतल्या भोकाचं माप मिळतं. 30208 म्हणजे 40 मिलिमीटर भोक, बाहेरून 80. 32008चं भोकही 40च, पण बाहेरचं माप 68. 32208 बाहेरून पुन्हा 80, जाडी मात्र 19.75ऐवजी 24.75 मिलिमीटर. इंची बेअरिंगांच्या नंबरापुढे अक्षरं असतात. एल म्हणजे हलकं, एम मध्यम, एच जड, आणि एलएम, एचएम त्यांच्या मधल्या पायऱ्या. नंबराचे शेवटचे दोन आकडे 10 ते 19 असले तर तो कप, 30 ते 49 असले तर कोन. एवढं माहीत असलं तरी काउंटरवरच्या माणसाशी होणारं बोलणं बदलतं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला फरक मापात दिसतच नाही. 30306 आणि 31306 ही दोन बेअरिंगं शेजारी ठेवा. दोन्हींचं भोक 30, बाहेरचं माप 72, जाडी 20.75 मिलिमीटर. व्हर्नियर लावून पाहिलं तर दोन्ही सारखीच निघतील. पण पहिल्यात कपाचा उतार सुमारे 12 अंशांचा आणि दुसऱ्यात सुमारे 29 अंशांचा आहे. पहिलं वरचं वजन चांगलं घेतं. दुसरं बाजूचा रेटा घेण्यासाठी बनवलेलं आहे, म्हणून ते पिनियनसारख्या जागी शोभतं. उद्या एखाद्या दुकानदाराने “साइज तीच आहे, हे लावा” म्हणून हातात 31306ऐवजी 30306 ठेवलं तर ते बसेल, गाडी चालेलही आणि काही महिन्यांनी पिनियन डुगडुगायला लागेल. म्हणून जुन्या बेअरिंगवरचा पूर्ण नंबर, मागच्या-पुढच्या अक्षरांसकट, वहीत उतरवून न्यावा. माप सांगून बेअरिंग आणू नये.

बेअरिंग घ्यायला पुण्यात नाना पेठ आहे, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. दोन्हीकडे हवं ते मिळतं आणि नको तेही मिळतं. नकली बेअरिंग ही आता जगभरची डोकेदुखी आहे. डबा हुबेहूब, छपाई हुबेहूब, आत काय पोलाद आहे ते देव जाणे. आपल्याकडे चांगल्या बेअरिंगांचा दुष्काळ अजिबात नाही. एसकेएफचा कारखाना चिंचवडला आहे, टिमकेनचा जमशेदपूरला, एनबीसी जयपूरची, सुईच्या रोलरची बेअरिंगं करणारी एनआरबी मुंबईची. अस्सल माल हाताशी असताना शंभर-दोनशे रुपये वाचवायला पदपथावरचा डबा उचलण्यात काय अर्थ? अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर घ्यायचं. एसकेएफने बेअरिंगचा फोटो पाठवून खरं-खोटं तपासायची सोय मोबाइलवर दिली आहे, ती वापरायची. जुनी जपानी बेअरिंगं गाडीतून निघाली तर त्यांचे नंबर जपून ठेवायचे. तो सगळ्यात खात्रीचा संदर्भ.

आमचं काम ज्यांनी केलं ते मिस्त्री साठीच्या पुढचे. मी त्यांना मामा म्हणते. जिप्सीचा डिफरेन्शियल त्यांनी अंधारातही उघडला असता. पण जुन्या बेअरिंगवरून आमचं वाजलं. केस बाहेर आली तेव्हा मामांनी कोन बोटाने फिरवून पाहिला आणि म्हणाले, “ताई, हे अजून दहा वर्षं जाईल. नव्या केसवर हेच चढवू.”

मी म्हटलं, “मामा, पुलरने ओढताना जोर रोलरच्या जाळीवर येतो. ती वाकली तर वरून दिसणारसुद्धा नाही.”

“आम्ही आजवर असंच करत आलो.”

“गाडी आजवर लॉक नव्हती ना, मामा.”

ते काही बोलले नाहीत, पण जुनी बेअरिंगं त्यांनी वेगळ्या डब्यात टाकली. नंतर हीच बेअरिंगं फार उपयोगी पडली, ते पुढे येईलच.

टेपर बेअरिंग बसवताना त्याला थोडा आधीचा ताण द्यावा लागतो, त्याला प्रीलोड म्हणतात. आमची आजी जात्याच्या खुंट्याला चिंधी गुंडाळायची. चिंधी कमी झाली तर वरची तळी डगमगून पीठ जाडं पडायचं, जास्त झाली तर जातं ओढवायचं नाही आणि पीठ गरम व्हायचं. पिनियनचं अगदी तसंच आहे. ताण कमी पडला तर जोर येताच पिनियन पुढे-मागे सरकतो आणि दात चुकीच्या जागी भिडतात. जास्त झाला तर बेअरिंग तापतं, तेलाचा थर फाटतो, रोलर खरडले जातात. मोजायची रीत सोपी आहे. पिनियनच्या फ्लँजला दोरी गुंडाळायची, स्प्रिंगच्या काट्याने ओढायचं, एकसारखं फिरू लागलं की काट्यावरचा आकडा बघायचा आणि फ्लँजच्या त्रिज्येने गुणायचा. नव्या बेअरिंगला मॅन्युअलमधला पूर्ण आकडा द्यायचा, वापरलेल्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास. गाडीच्या कंपनीने दिलेलं मॅन्युअल समोर उघडं असावं. अंदाजाने आवळलेला नट मला चालत नाही.

जिप्सीत पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये दबणारी नळी असते. नट आवळत गेलं की ती चेपते आणि ताण येतो. एकदा चेपलेली नळी पुन्हा वापरायची नाही, नटही नवाच. पुढच्या ॲक्सलसाठी मी याही पलीकडे जाऊन सांगेन की शक्य असेल तर नळीऐवजी न दबणारा पक्का स्पेसर आणि शिम वापरावेत. कारण वर सांगितलेलं तेच. पुढे पिनियन आत खेचला जातो, ताण नटावर आणि बाहेरच्या बेअरिंगवर येतो. नळी वारंवारच्या झटक्यांनी आणखी चेपली की प्रीलोड गेलाच. पक्का स्पेसर बसवायला वेळ लागतो. शिम घालायचं, काढायचं, पुन्हा मोजायचं. पण एकदा बसला की हलत नाही.

नवं बेअरिंग जुन्याच नंबराचं घेतलं म्हणजे माप आपोआप जुळेल, हा समज फार पसरलेला आहे. साध्या प्रतीच्या टेपर बेअरिंगच्या एकूण जाडीत 0.2 मिलिमीटरपर्यंत फरक चालतो, म्हणजे तो दोष मानला जात नाही. आता क्राऊन आणि पिनियनच्या दातांमध्ये ठेवायची फट बघा: जिप्सीच्या जातीच्या ॲक्सलमध्ये 0.10 ते 0.15 मिलिमीटर. बेअरिंगचा मान्य फरकच त्या फटीपेक्षा मोठा असू शकतो! त्यामुळे पिनियनची बेअरिंगं बदलली की पिनियनची खोली नव्याने तपासायलाच हवी. जुनं आणि नवं आतलं, म्हणजे डोक्याकडचं, बेअरिंग कपासकट सपाट तळावर ठेवून मायक्रोमीटरने जाडी मोजली आणि जो फरक आला तेवढा शिम कमी-जास्त केला, तर निम्मी मेहनत वाचते.

केसच्या दोन बाजूंच्या बेअरिंगांना ही अडचण कमी. तिथे आटे असलेल्या रिंगा असतात. एक सैल करायची, दुसरी आवळायची, क्राऊन हवा तितका पिनियनकडे किंवा लांब सरकतो आणि बेअरिंगला ताणही मिळतो. ज्या गाड्यांत रिंगांऐवजी शिम असतात तिथे नव्या केसबरोबर ही सगळी मापं पुन्हा शोधावी लागतात. आमच्याकडे डायल गेज लावून क्राऊनवर तीन-चार ठिकाणी फट मोजली. एकाच जागी मोजून समाधान मानू नये. क्राऊन किंचित तिरका बसला असेल तर दुसऱ्या जागी आकडा वेगळा येतो.

मग शेंदूर. मामा तेलात शेंदूर कालवून क्राऊनच्या काही दातांवर लावतात आणि क्राऊनला हाताने अडवत पिनियन फिरवतात. दातांवर उमटलेला ठसा सगळं सांगतो. ठसा दाताच्या माथ्याकडे असेल तर पिनियन क्राऊनपासून लांब आहे, शिम वाढवा. बुडाशी खोल गेला असेल तर पिनियन फार आत आहे, शिम कमी करा. मधोमध, दोन्ही टोकांना मोकळी जागा सोडून आला तर जमलं. पुढच्या ॲक्सलमध्ये ठसा दोन्ही बाजूंना बघायचा आणि कोस्ट साइडचा जास्त बारकाईने बघायचा, कारण पुढे जाताना जोर तिथेच येणार आहे. जुनाच क्राऊन-पिनियन ठेवत असाल तर ठसा पुस्तकातल्या चित्रासारखा येईलच असं नाही. ते दात एकमेकांना घासून सवयीचे झालेले असतात, त्यांना शक्य तितकं मूळच्या जागीच ठेवावं.

शिम बदलायचा म्हणजे पिनियनच्या डोक्यावरचं बेअरिंग दर वेळी प्रेसवर चढवून उतरवायचं. नव्या बेअरिंगची त्यात वाट लागते. यासाठीच जुनी बेअरिंगं जपायची असतात. मामांनी डब्यातलं जुनं आतलं बेअरिंग काढलं, त्याचं भोक आतून हलकेच घासून एवढंच मोठं केलं की ते हाताने बसेल आणि हाताने निघेल. त्या बेअरिंगवर सगळी जुळणी झाली. नव्याच्या जाडीतला फरक वहीत लिहिलेला होताच. शेवटच्या बांधणीला नवं बेअरिंग प्रेसवर एकदाच चढलं. जुन्या बेअरिंगवरून आमचं एकमत झालं ते असं!

पुढचा ॲक्सल उघडायचा म्हणजे दोन्ही बाजूंचे हब, चाक ज्यावर फिरतं ते स्पिंडल, चाक वळवणारे नकल, सगळं उतरवून शाफ्ट ओढावे लागतात. एवढं उघडलंय तर किंगपिनची, म्हणजे नकल ज्यांवर वळतो त्या खुंट्यांची, बेअरिंगं बघायचीच. स्टिअरिंग सरळ असताना त्या कपांमध्ये रोलरचे खड्डे पडलेले असतात आणि हात तिथे अडकल्यासारखा होतो. लॉक झालेल्या ॲक्सलचे हिसके पहिले तिथे पोचतात. स्पिंडलमधलं पितळी बुश झिजलंय का, तेही. आणि आतलं ॲक्सल सील काहीही झालं तरी नवं. त्या एका सिलाने डिफरेन्शियलचं पातळ तेल आणि नकलमधलं घट्ट ग्रीस वेगळं ठेवलेलं असतं. ते गेलं की तेल नकलमध्ये उतरतं, ग्रीस पातळ होतं, चाकाच्या आत काळा ओघळ दिसू लागतो आणि जॉइंट कोरडा पडत जातो. सील स्वस्त असतं, पण पुन्हा तिथपर्यंत पोचायला अख्खा पुढचा भाग उघडावा लागतो.

हवेच्या लॉकरला केसच्या शेजारी एक सील हाउसिंग असतं, त्यात ओ-रिंगा, आणि तिथून बारीक तांब्याची नळी बाहेर येते. हाउसिंगला भोक पाडून ती काढतात. भोक पाडल्यावरचा कीस पूर्ण निघाला पाहिजे, कारण तो आत राहिला तर नव्या बेअरिंगच्याच वाट्याला जातो. नळी फिरत्या क्राऊनपासून लांब, पक्की बांधलेली हवी. केस बेअरिंगमध्ये खेळती राहिली तर ओ-रिंगाही झिजतात, म्हणजे इथेही पुन्हा प्रीलोडच. ब्रीदरची, म्हणजे ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारी नळी मी लांब करून इंजिनाच्या बाजूला वर नेली. चढावर तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी ओढून घेते. तेलात पाणी शिरलं की टेपर बेअरिंगच्या पॉलिश पृष्ठभागावर गंजाचे ठिपके पडतात, मग गुरगुर सुरू.

टायरचा विषय मामांनी काढला आणि त्यात त्यांचंच बरोबर होतं. मला थोडे मोठे टायर घ्यायचे होते. त्यांनी विचारलं, “ताई, मोडायचं काय ठरवलंय?” प्रश्न गंभीर आहे. जिप्सीच्या इंजिनाचा टॉर्क शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास. पहिला गिअर, लो रेंज आणि ॲक्सलची घट मिळून तो तीसपटीच्या वर जातो, म्हणजे तीन हजार न्यूटन-मीटर. लॉक झालेल्या ॲक्सलमध्ये हा जोर एकाच चाकाकडे जाऊ शकतो. पण एरवी शाफ्ट मोडत नाही, कारण टायर आधी घसरतो. एका पुढच्या चाकावर 300 किलो वजन, पकड 0.8, टायरची त्रिज्या 0.33 मीटर धरली तर सुमारे 775 न्यूटन-मीटरला टायर सुटतो. तोच घसरून सगळ्यांना वाचवतो. टायर मोठा केला की ही मर्यादा वर सरकते, आणि दोन धोंड्यांमध्ये चाक अडकलं तर मर्यादाच उरत नाही. तेव्हा जे सगळ्यात नाजूक ते जातं. हब गेला तर तिथेच बदलता येतो. जॉइंट गेला तर दिवसाभराचं काम. क्राऊनचा दात गेला तर त्याचे तुकडे सगळी नवी बेअरिंगं घेऊन जातात आणि गाडी ओढून आणावी लागते. म्हणून बाहेरचा भाग आतल्यापेक्षा थोडा कमजोर असलेला बरा. मी टायर मूळच्याच मापाचे ठेवले, चांगल्या नक्षीचे घेतले आणि एक जास्तीचा हब गाडीत ठेवला.

चालवतानाही हेच लक्षात ठेवायचं. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना जॉइंट सगळ्यात तिरका आणि सगळ्यात अशक्त असतो. लॉक लावलेला असेल तर तेव्हा ॲक्सिलरेटर नाही. चाकं सरळ करा, लॉक लावा, दगड चढून जा, लॉक काढा, मग वळा. लॉकरमुळे मी उलट हळू चालवायला लागले. मोकळा डिफरेन्शियल असताना वेग घेऊन उडी मारावी लागायची, चाकं फिरून वाट उखडायची. पावसाळ्यात भातखाचरांच्या कडेने जाणाऱ्या वाटा गावकऱ्यांच्याही पायाखालच्या असतात. तिथे एक चर पडली की पाणी तिच्यातूनच वाहतं आणि बांध खचतो. चालण्याच्या वेगाने, चाक न फिरवता पलीकडे जाता आलं, यासाठीच हा सगळा खर्च मला योग्य वाटतो.

बांधणीनंतरचे पहिले काही शे किलोमीटर गाडी हलकी चालवावी. मधून थांबून डिफरेन्शियलच्या नाकाशी, पिनियनच्या बेअरिंगजवळ हात लावून बघावा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर प्रीलोड जास्त झालाय. यासाठी हब लावून, कच्च्या सरळ वाटेवर फोर-व्हीलमध्ये चालवायला हवं, नाहीतर पुढचा ॲक्सल फिरतच नाही. मग साधारण 500 किलोमीटरवर पहिलं तेल काढून टाकावं. जीएल-5 दर्जाचं 80डब्ल्यू-90 पुरतं. लिमिटेड-स्लिपसाठी घालतात ते जादा रसायन लॉकरला लागत नाही. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळसर, बोटाला मऊ लागणारी पेस्ट असेल तर ती नव्या भागांची नेहमीची झीज. चमचमणारे पापुद्रे दिसले तर बेअरिंगचा पृष्ठभाग सोलला जातोय, आणि बोटाला टोचेल असा तुकडा असेल तर दात. आवाजाकडेही लक्ष हवं. ॲक्सिलरेटर देताना एक सूर आणि सोडताना दुसरा येत असेल तर ठसा चुकलाय. दोन्ही वेळी सारखीच, वेगाबरोबर वाढणारी गुरगुर असेल तर बेअरिंग. आमच्या चुंबकावर पेस्टच होती. मामांनी ती अंगठ्यावर घासून उन्हात धरली, प्लगला नवा वॉशर घातला आणि ताजं तेल भरलं.